एकच दृष्टिभ्रम बराच वेळ बघत राहिलं की तो कमी का होतो?

कोरा_कागद

नमस्कार मंडळी. मुलगी आठवीत आहे, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही दोघींनी म्युलर-लायरच्या दृष्टिभ्रमाची सरकपट्टी केलीय. नाव माहीत नसलं तरी चित्र बहुतेकांनी पाहिलेलं असतं, दोन रेषा, एकीच्या दोन्ही टोकांना बाणाची टोकं आणि दुसरीला तीच टोकं उलटी, बाहेर फाकलेली, लांबी तंतोतंत सारखी असली तरी फाकलेली रेषा चांगलीच लांब वाटते. आमच्याकडे कार्डशीटच्या पाकिटात दुसरी पट्टी सरकते, बघणाऱ्याने ती मागेपुढे करून दोन्ही रेषा सारख्या दिसतील तिथे थांबायचं, मिलिमीटरची मोजपट्टी मागच्या बाजूला चिकटवलीय त्यामुळे आकडा फक्त समोर बसलेल्या माणसाला दिसतो.

सगळे जण फाकलेली रेषा गरजेपेक्षा आखूड ठेवतात, ते अपेक्षितच होतं. पण मुलीला त्या पट्टीचा नादच लागला, ती पुन्हा पुन्हा करत बसली, मी मागे आकडे लिहून घेत होते आणि तिला एकदाही सांगितलं नाही की चूक किती आली. तरी चूक हळूहळू कमी होत गेली! सुरुवातीला सेंटीमीटरच्या वर असायची ती शेवटी शेवटी दोन-तीन मिलिमीटरवर आली. दिराने हट्टाने बसून केलं तर त्याचंही तसंच. धाकटा बालवाडीत आहे, त्याच्याकडूनही गंमत म्हणून करून घेतलं, त्याची चूक मोठी होती आणि मोठीच राहिली.

आता मला कळत नाही ते असं, की पुस्तकात सगळीकडे लिहिलेलं असतं दृष्टिभ्रम माहीत झाला तरी जात नाही, आणि ते खरंच आहे, मी स्वतः फूटपट्टीने रेषा काढल्यात तरी मला त्या लहानमोठ्या दिसतात. मग नुसतं बघत राहिल्याने काय बदलतं? डोळे थकतात म्हणून होतं का? परीक्षक हे विचारणारच आणि मुलीला पाठ केलेलं उत्तर द्यायचं नाहीये, तिला समजून घ्यायचंय. कोणाला माहिती असेल तर जरा सविस्तर सांगा प्लीज.

---

प्रॅक्टिकल_जर्नल

ताई, मुलीला जे सापडलंय ते खरं आहे, शंभराहून जास्त वर्षांपासून नोंदलेलं आहे, बिनधास्त मांडा. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचो. म्युलर-लायरची पाटी आमच्या प्रयोगशाळेत कायम असायची, विद्यार्थी जोडीजोडीने बसायचे, एक प्रयोगकर्ता आणि एक प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो, आणि सरासरी त्रुटी काढून जर्नलमध्ये लिहायचे. बहुतेक जण शेवटी ‘भ्रम आढळला’ असं लिहून मोकळे व्हायचे, पण आकडे ओळीने वाचले तर उतरता कल कितीतरी जर्नलांमध्ये दिसायचा. मी मुद्दाम त्याचा आलेख काढायला लावायचो कारण मला स्वतःला या सगळ्यात तो भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

ही आकृती फ्रांझ कार्ल म्युलर-लायरने १८८९ मध्ये छापली. सरावाचा प्रश्न नीट हातात घेतला तो येल विद्यापीठातल्या चार्ल्स जडने, १९०२ मध्ये. त्याची पद्धत साधारण तुमच्यासारखीच, माणसाने पुन्हा पुन्हा रेषा जुळवायच्या आणि चूक किती झाली ते त्याला कळू द्यायचं नाही. भ्रम उतरत गेला, इतका की शेवटी जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे कोणी चूक दाखवली नाही, शाबासकी नाही, दुरुस्ती नाही, तरी बदल झाला. नंतर १९५० मध्ये व्होल्फगांग क्योलर आणि ज्युलिया फिशबॅक यांनी हाच विषय घेऊन दोन भागांत लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच म्युलर-लायर भ्रमाचा ‘नाश’ असा शब्द आहे, कारण काही लोकांमध्ये तो पार मोडून पडला होता.

क्योलरचं म्हणणं असं होतं की एकाच आकृतीकडे बघत राहिल्याने मेंदूच्या त्या भागात एक प्रकारची तृप्ती येते, तिथले विद्युतप्रवाह बदलतात आणि त्यामुळे आकृतीचा ताण कमी होतो. ही कल्पना त्या काळी खूप गाजली, पण कार्ल लॅशलीच्या गटाने १९५१ मध्ये माकडाच्या मेंदूच्या पृष्ठभागावर सोन्याच्या पातळ पट्ट्या ठेवून बघितल्या, क्योलर म्हणतो तसे प्रवाह असते तर त्या पट्ट्यांनी सगळी दृष्टी विस्कटायला हवी होती, आणि माकडं पूर्वीसारखीच आकृत्या ओळखत राहिली. तेव्हा ते स्पष्टीकरण बाजूला पडलं, पण निरीक्षण मात्र टिकलं. मुलीला हे आवर्जून सांगा, कारण विज्ञान प्रदर्शनात सगळे तयार स्पष्टीकरण घेऊन उभे असतात.

तुमचा जो मूळ पेच आहे, माहीत असूनही भ्रम जात नाही मग बघून कसा जातो, त्याचं उत्तर असं की या दोन वेगळ्या वाटा आहेत. रेषा सारख्या आहेत हे तुम्हाला विचाराने ठाऊक असतं आणि ते ठाऊक असणं दृष्टीच्या यंत्रणेपर्यंत पोचतच नाही. बघत राहिल्याने मात्र ती यंत्रणा स्वतःच थोडी बदलते. जडच्या लोकांना माहिती काहीच दिली नव्हती आणि फरक पडला, तुम्हाला माहिती पूर्ण आहे आणि एका नजरेत काही फरक पडत नाही, दोन्ही एकत्र ठेवलं की चित्र स्पष्ट होतं.

आणि धाकट्याबद्दल. लहान मुलांना हा भ्रम मोठ्यांपेक्षा जास्त दिसतो हे आल्फ्रेड बिने, ज्याने पुढे बुद्धिमापन चाचणी केली तोच, त्याने १८९५ मध्येच नोंदवलंय. जिनिव्हाला बालमानसशास्त्रज्ञ पियाजेच्या गटाने सरावाचं तपासलं तेव्हा सात वर्षांच्या आतल्या मुलांमध्ये उतार फारसा मिळाला नाही आणि वय वाढेल तसा तो वाढत गेला. त्यामुळे बालवाडीतल्या पोराचा आकडा हलला नाही हे अगदी जुळतंय.

---

शंकेखोर

विषय मस्त आहे पण मला एक शंका घ्यायचीच आहे, रागावू नका. मी मशीन शॉपमध्ये काम करतो, तिथे नवा पोरगा पहिल्या दिवशी व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, धरतो आणि महिन्याभराने धरतो त्यात हाताचा फरक असतो, डोळ्याचा नाही. ताईंची मुलगी एकच पट्टी पुन्हा पुन्हा सरकवतेय, तर कदाचित तिच्या बोटांनाच लक्षात राहिलं असेल की साधारण इथवर ओढायची. किंवा कार्डशीटवर एखादा डाग, सुरकुती, पाकिटाच्या कडेपासूनचं अंतर, असं काहीतरी पकडून ती जुळवत असेल, तिला स्वतःला न कळता सुद्धा. मग भ्रम तेवढाच आहे आणि आकडा मात्र सुधारला असं होऊ शकतं ना? आणि दुसरं, चूक शून्याकडेच का जावी? हात नुसता स्थिर झाला असता तर तो चुकीच्या जागीच स्थिर व्हायला हवा होता, हा भाग मात्र माझ्या शंकेच्या विरुद्ध जातो हेही मान्य.

---

प्रॅक्टिकल_जर्नल

शंका अगदी रास्त आहे, आणि तुमचं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. हात स्थिर झाला की आकड्यांचं विखुरणं कमी होतं, सरासरी सरकायचं कारण नाही. इथे सरासरीच सरकते.

तरी हाताचा हिशेब काढून टाकायचाच. एकदा पट्टी पूर्ण आत घालून सुरुवात करायची, एकदा पूर्ण बाहेर ओढून, आलटून पालटून, आम्ही याला चढता क्रम उतरता क्रम म्हणतो. शिवाय बाणवाल्या रेषेच्या दोन-तीन वेगवेगळ्या लांबीच्या पट्ट्या करा म्हणजे बोटांना एकच जागा पाठ होणार नाही. कार्डशीटच्या कडा काळ्या कागदाने झाका, एवढं केलं की परीक्षकही गप्प बसतील.

आणि सरकवण्याशिवायही हा उतार मिळतो. स्टॅन्ली कोरेन आणि जोन गर्गस या जोडीने १९७० च्या दशकात यावर बरंच काम केलं, त्यात लोकांनी काही मिनिटं आकृतीवर फक्त नजर फिरवायची आणि मधेमधे माप घ्यायचं. त्या बघण्याच्या वेळात हाताला काही काम नव्हतं तरी भ्रम उतरला. तो सुरुवातीला भराभर उतरतो आणि नंतर सावकाश, सरळ रेषेत नाही. मुलीचे आकडे क्रमाने मांडून बघा, तसाच वाकडा आलेख येईल असं मला वाटतं.

---

बुबुळ

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, मिरजेला. सरांनी इतिहास छान सांगितला, मला डोळ्यांच्या बाजूने भर घालायचीय कारण माझ्या मते खरी मेख तिथेच आहे आणि लोक ती नेहमी सोडून देतात.

ताई, तुम्ही ‘बघत राहणं’ लिहिलंय पण तुमच्या मुलीने नक्की कसं बघितलं ते विचारा. नजर एका जागी रोखून धरली होती की या टोकाकडून त्या टोकाकडे फिरवत होती? यावर सगळं अवलंबून आहे. म्युलर-लायर कमी व्हायला डोळे फिरायला लागतात. लिऑन फेस्टिंगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये नेमकं हेच तपासलं, काही जणांना आकृतीवर नजर उड्या मारत फिरवू दिली आणि काहींना एका बिंदूवर रोखायला लावली, फिरवणाऱ्यांचा भ्रम जास्त उतरला. त्यामुळे थकव्याचा मुद्दा गळतो, डोळे थकून भ्रम जात असता तर रोखून बघणाऱ्यांचा आधी जायला हवा होता, कारण तेच जास्त दमवणारं काम आहे.

असं का होतं ते सांगतो. आपली नजर सलग सरकत नाही, ती उड्या मारते, सेकंदाला साधारण तीनेक, आणि प्रत्येक उडी किती लांब मारायची ते मेंदू निघण्याआधी ठरवतो. रेषा लांब भासत असेल तर उडीही लांब पडते, नजर टोकाच्या पुढे जाऊन पडते, मग एक छोटी दुरुस्तीची उडी मारून टोकावर यावं लागतं. बाणवाल्या रेषेवर उलट, उडी अलीकडेच पडते. या दुरुस्त्या आपल्याला जाणवत नाहीत पण मेंदूला रोजच्या रोज, क्षणाक्षणाला मिळणारी ही एक खबर आहे की अंदाज एवढा आणि असा चुकला. तुम्ही म्हणता मुलीला चूक कोणी सांगितली नाही, तर तिला तिच्या डोळ्यांनीच सांगितली, प्रत्येक उडीत. रोखून बघणाऱ्याला ही खबर मिळतच नाही. हे स्पष्टीकरण सगळ्यांना पूर्ण मान्य आहे असं नाही, लक्ष देण्याची पद्धत बदलते हाही एक भाग आहेच, पण मला स्वतःला पटतं ते हेच.

सरांनी जडचं नाव घेतलं, त्यानेच पुढे १९०५ मध्ये लोक ही आकृती बघत असताना त्यांच्या डोळ्यांचे फोटो घेतले. तेव्हा आजच्यासारखे आयट्रॅकर, म्हणजे नजरेचा माग काढणारी यंत्रं, नव्हते, तर पारदर्शक बुबुळावर पांढऱ्या रंगद्रव्याचा एक बारीक कण ठेवायचे आणि तो कण फिल्मवर कसा हलतो ते टिपायचे! माझ्या पेशंटच्या डोळ्यात साधा थेंब टाकायचा म्हटलं तरी दहा मिनिटं समजूत घालावी लागते, त्या लोकांच्या चिकाटीला खरंच नमस्कार.

आता उलट्या जातीचे भ्रम. स्विस डॉक्टर ट्रॉक्सलरने १८०४ मध्ये लिहिलं की एका बिंदूकडे हालचाल न करता बघत राहिलं की बाजूच्या गोष्टी हळूहळू फिक्या होऊन नाहीशा होतात. पुसट कडांचे, फिक्या रंगाचे डाग सगळ्यांत आधी जातात. इथे डोळा फिरला की खेळ संपला, सगळं परत दिसायला लागतं. कारण दृष्टिपटलातल्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यातल्या, आणि मेंदूतल्या पेशी बदलाला प्रतिसाद देतात, तीच गोष्ट त्याच जागी तशीच राहिली की त्या गप्प होत जातात. आपण स्थिर बघतोय असं वाटतं तेव्हाही डोळा बारीक बारीक थरथरत असतो आणि त्यामुळे चित्र जिवंत राहतं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये डिचबर्न आणि अमेरिकेत रिग्ज यांनी कॉन्टॅक्ट लेन्सवर छोटा आरसा बसवून असं जमवलं की डोळा हलेल तसं चित्रही बरोबर हलेल, म्हणजे दृष्टिपटलावर ते एकाच जागी राहील. काही सेकंदात चित्र विरून जायचं. समोर उजेडात ठेवलेली गोष्ट, डोळा उघडा, आणि दिसत काही नाही.

हे तुमच्या प्रत्येकाच्या डोळ्यात आत्ता चालू आहे. दृष्टिपटलाच्या पुढून रक्तवाहिन्या जातात, त्यांची सावली कायम पेशींवर पडलेली असते, पण ती डोळ्याबरोबरच हलते म्हणून कधीच दिसत नाही. डोळे तपासताना मी बारीक उजेड बाजूने हलवतो तेव्हा पेशंट हमखास म्हणतो, डॉक्टर, झाडाच्या फांद्या दिसल्या. त्या त्याच्याच रक्तवाहिन्या असतात, उजेड हलला की सावली नव्या जागी पडते आणि घटकाभर दिसते. या दृश्याला पुर्किंयेचं झाड म्हणतात. इतक्या वर्षांत मला याचा कंटाळा आलेला नाही, पेशंटला नीट समजावून सांगितलं की त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघण्यासारखं असतं.

तर मुलीच्या तक्त्यात दोन रकाने हवेत असं मला वाटतं, नजर फिरवल्याने उतरणारे भ्रम आणि नजर रोखल्याने विरणारे. बहुतेक ठिकाणी दोन्हींना एकच नाव देऊन ‘सवय होते’ म्हणून सोडून देतात आणि त्यात सगळा मुद्दाच हरवतो.

---

नीलांबरी

वाचून अंगावर काटा आला! मी बरीच वर्षं योगवर्गाला जाते, तिथे त्राटक करतो, दिव्याच्या ज्योतीकडे पापणी न हलवता डोळ्यात पाणी येईपर्यंत बघायचं. थोड्या वेळाने समईच्या आजूबाजूचं सगळं, भिंत, चटई, पुढे बसलेली माणसं, विरघळून जातं आणि एकटी ज्योतच उरते. आमच्याकडे त्याला एकाग्रतेची खूण मानतात. हे ट्रॉक्सलरचंच का? आणि अजून एक, व्हॉट्सॅपवर ते चित्र फिरतं ना, गोल गोल हलणारं, की ते जितकं जोरात हलेल तितका तुम्हाला स्ट्रेस जास्त आणि स्थिर दिसलं तर मन शांत. माझ्या बहिणीने ते मनाला लावून घेतलंय कारण तिला ते खूप हलताना दिसतं. यात काही तथ्य आहे का?

---

बुबुळ

हो नीलांबरी ताई, आजूबाजूचं विरणं हे ट्रॉक्सलरचंच. त्राटक हठयोगप्रदीपिकेतल्या सहा शुद्धिक्रियांपैकी एक, म्हणजे ट्रॉक्सलरच्या कितीतरी आधीपासून लोक हे अनुभवत आलेत. आणि एकाग्रतेची खूण मानतात त्यातही अर्थ आहे, नजर सैरभैर असेल तर ते विरणं होतच नाही, तेव्हा डोळा स्थिर असल्याची ती पावती आहेच. मन स्थिर आहे का ते मला मोजता येत नाही म्हणून त्याबद्दल बोलत नाही. फक्त ज्योत किंवा बिंदूच घ्या, सूर्याकडे बघून त्राटक कोणी सांगत असेल तर अजिबात करू नका, दृष्टिपटलाला इजा होते आणि ती कायमची राहू शकते.

त्या चित्राबद्दल बहिणीला आजच फोन करून सांगा की काळजी सोड. स्ट्रेसचा काडीचाही संबंध नाही. कुणा जपानी डॉक्टरचं नाव लावून ते फिरवलं गेलं, प्रत्यक्षात ते एका युक्रेनियन डिझायनरने कॉम्प्युटरवर काढलंय आणि त्यानेच नंतर खुलासा केला होता. त्यातली युक्ती क्योतोच्या रित्सुमेइकान विद्यापीठातले प्राध्यापक अकियोशी किताओका यांची, त्यांचं २००३ चं फिरत्या सापांचं चित्र जगभर गाजलं. त्यात काळा, गडद, पांढरा, फिका अशा क्रमाने लावलेल्या तुकड्यांमुळे मेंदूला हालचालीचा भास होतो, आणि तो भास होतो डोळ्याच्या बारीक उड्यांच्या आणि पापणी मिटण्याच्या वेळी, हे २०१२ मध्ये मोजून दाखवलेलं आहे. म्हणून एका सापाच्या मध्यावर नजर घट्ट रोखली की साप थांबतात, नजर हलवली की पुन्हा सुरू. बहिणीला हलताना दिसतं कारण ती चित्रभर नजर फिरवतेय, बस इतकंच.

घरी ट्रॉक्सलर बघायचं असेल तर लायलॅक चेसर नावाचं ॲनिमेशन शोधा, जेरेमी हिंटन यांनी केलेलं. गोलात फिकट जांभळे १२ ठिपके, एकेक ठिपका क्रमाने क्षणभर गायब होतो. मधल्या खुणेवर नजर ठेवली की आधी रिकाम्या जागी हिरवा ठिपका फिरताना दिसतो, तो पश्चात्प्रतिमेचा, म्हणजे रंग बघत राहिल्यावर डोळ्यात मागे उरणाऱ्या उलट रंगाच्या छापेचा, आणि थोड्या वेळाने सगळे जांभळे ठिपके विरून जातात, राखाडी पडद्यावर एकटा हिरवा ठिपका धावत राहतो, जो मुळात पडद्यावर नाहीच.

---

शंकेखोर

बुबुळ, डोळ्यांच्या उड्यांचं पटलं, मशीनच्या भाषेत सांगायचं तर फीडबॅक मिळतोय म्हणून कॅलिब्रेशन होतंय. पण मग एक प्रश्न पडतो की हा भ्रम मुळात येतो कुठून? मी असं वाचलेलं की आपण चौकोनी खोल्यांमध्ये राहतो, खोलीचा कोपरा आतून बघितला की फाकलेल्या टोकांसारखा दिसतो आणि इमारतीचा बाहेरचा कोपरा बाणासारखा, म्हणून मेंदूने लांब-जवळचा हिशेब शिकून घेतलाय. जर शिकलेलं असेल तर सरावाने पुसता येणं साहजिक आहे. पण मग पंधरा मिनिटांत, आयुष्यभराचं शिकलेलं?

---

प्रॅक्टिकल_जर्नल

हे रिचर्ड ग्रेगरीचं १९६३ चं मत, फार लोकप्रिय आहे. यावर आपल्याकडची दोन उदाहरणं आहेत, दोन्ही ऐकण्यासारखी.

पहिलं निलगिरीतल्या तोडा लोकांचं. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स नावाचा डॉक्टर १८९८ च्या केंब्रिज मोहिमेत ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या मधल्या टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवर गेला होता आणि बरोबर म्युलर-लायरची सरकपट्टी घेऊन गेला होता, ताईंनी केलीय तशीच. त्यांतल्या मरे बेटावरच्या लोकांची चूक इंग्रजांपेक्षा कमी आली. पुढे तो निलगिरीत आला, तोडांबरोबर तेच प्रयोग केले आणि १९०५ मध्ये छापले, त्यांच्यातही हा भ्रम इंग्रजांपेक्षा कमी निघाला. तोडांच्या पारंपरिक झोपड्या अर्ध्या पिंपासारख्या कमानदार असतात, त्यामुळे चौकोनी खोल्यांचं मत मांडणाऱ्यांना हा आधार वाटतो. रिव्हर्सचं स्वतःचं म्हणणं मात्र वेगळं होतं, त्याला वाटलं की ही माणसं सांगितलेल्या कामावर, म्हणजे रेषेवरच लक्ष ठेवतात आणि टोकांच्या सजावटीकडे बघत नाहीत, युरोपियन माणूस आकृती एकसंध बघतो. १९०४ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या बेनुस्सी या मानसशास्त्रज्ञानेही दाखवलं की मुद्दाम रेषा वेगळी काढून बघायचा सराव केला की भ्रम उतरतो. तेव्हा रिव्हर्सचं म्हणणं मला तरी जास्त भक्कम वाटतं.

दुसरं उदाहरण अलीकडचं. एमआयटीचे प्राध्यापक पवन सिन्हा यांचा प्रकल्प प्रकाश, उत्तर भारतात जन्मापासून मोतीबिंदूमुळे न दिसणाऱ्या मुलांवर शस्त्रक्रिया करून त्यांना दृष्टी देतो आणि सोबत दृष्टीचा अभ्यासही करतो. २०१५ मध्ये त्यांनी ८ ते १६ वयाच्या ९ मुलांचे निष्कर्ष छापले. पट्टी निघाल्यावर लगेच, जग बघायची काहीही सवय नसताना, त्यांना म्युलर-लायर आणि पोंझो (निमुळत्या होत जाणाऱ्या दोन रेषांमध्ये सारख्याच आडव्या रेषा लहानमोठ्या दिसतात तो) हे दोन्ही भ्रम दिसले. ज्या मुलाने खोलीचा कोपरा कधी डोळ्यांनी बघितलाच नाही त्यालाही फाकलेली रेषा लांब दिसली! हा निष्कर्ष मी पहिल्यांदा वाचला तेव्हा कितीतरी वेळ दुसरं काही सुचलं नाही. म्हणजे निदान या भ्रमाचा मोठा भाग बघून बघून शिकलेला नाही, तो दृष्टीच्या मूळ रचनेतच आहे.

आता तुमचा प्रश्न, की मग पंधरा मिनिटांत जातो कसा. मला वाटतं तो मुळापासून जात नाही. यंत्रणा आपला अंदाज त्या एका आकृतीपुरता दुरुस्त करून घेते. मुलीला वेगळ्या जातीचा भ्रम, समजा तिरक्या रेषांचा झोल्नरचा, दाखवलात तर तो तिला इतरांसारखाच दिसेल असं माझं अनुमान, करून बघायला हरकत नाही.

---

कोरा_कागद

किती किती आभार, मुलीला सगळं वाचून दाखवलं आणि ती आता तक्ता पूर्ण नव्याने करणार म्हणतेय. तिला विचारलं तर ती खरंच या टोकाकडून त्या टोकाकडे नजर फिरवत होती. आता तिने वर्गातल्या मुलींचे दोन गट करायचं ठरवलंय, आधी सगळ्यांचं माप, मग एका गटाने आकृतीवर नजर फिरवत बसायचं, दुसऱ्याने तेवढाच वेळ मधल्या ठिपक्यावर रोखायची, मग परत माप. सरांनी सांगितल्याप्रमाणे वेगवेगळ्या लांबीच्या पट्ट्या आणि काळ्या कडा पण करतोय.

फक्त अडचण एकच, रोखून बघणाऱ्या मुली खरंच रोखून बघतायत की मधेच इकडेतिकडे बघतात हे कसं ओळखायचं? आमच्याकडे कुठला आयट्रॅकर.

---

बुबुळ

यंत्राची गरज नाही, ट्रॉक्सलरलाच कामाला लावा. मधल्या ठिपक्यापासून थोडं लांब, रेषेला अजिबात न लागता, वरच्या बाजूला फिकट पिवळ्या किंवा आकाशी खडूचा एक डाग काढा आणि कापसाने किंवा बोटाने घासून कडा पूर्ण पुसट करा, कडक कड राहिली तर तो विरणार नाही. रोखून बघणाऱ्या मुलीने डाग नाहीसा झाला की एक बोट वर करायचं आणि परत दिसला की खाली. बोट बराच वेळ वर असेल तर नजर स्थिर आहे, सारखं खाली येत असेल तर नजर हलतेय, तिचा आकडा वेगळ्या रकान्यात लिहा. पापणी मिटल्यावरही डाग क्षणभर परत दिसतो, तेवढं धरू नका, पापण्या मिटू द्या, डोळे कोरडे पाडायचे नाहीत. आणि नजर फिरवणाऱ्या गटाच्या कागदावरही तोच डाग तिथेच ठेवा, नाहीतर शंकेखोर लगेच विचारतील की फरक डागामुळे पडला नाही कशावरून.

डाग किती लांब ते आधी घरी ठरवून घ्या. कागद हातभर अंतरावर धरला तर साधारण आठ-दहा सेंटीमीटर वर पुरेल, त्याहून जवळ काढला तर विरायला वेळ लागतो. खोलीत ट्यूबलाइट असेल तर कागदावर चमक येणार नाही असं बसवा.